पुडीवर वाणाचं नाव हवं

कोथिंबिरीच्या बियांची पुडी पाहा. वर हिरव्यागार जुडीचं चित्र, त्याखाली ठळक अक्षरांत कंपनीचं नाव आणि मग 'सुधारित', 'हायब्रीड', 'मल्टिकट', 'स्पेशल', 'देशी' यांपैकी एखाददुसरा शब्द. मागच्या बाजूला लॉट नंबर, उगवणशक्तीची टक्केवारी, किंमत. आत कोणत्या वाणाचं बी आहे, हे मात्र बहुतेक पुड्यांवरून कळत नाही. शेजारच्या पुडीवर दुसरंच नाव असतं, आणि दोन्हींत एकच बी आहे की वेगवेगळं, हे दुकानदारालाही सांगता येत नाही.

वाणाचं नाव म्हणून पुडीवर जे छापलं जातं, त्यावरून एक ठरावीक, पुढच्या वर्षी पुन्हा ओळखता येईल असा वाण कळला पाहिजे. ज्या नावावरून तो कळत नाही, ते नाव वाणाच्या जागी छापायला मनाई हवी. मागणी एवढीच आहे. ती गच्चीवर चार कुंड्या लावणाऱ्यांची हौस वाटू शकते, पण कोथिंबीर, मेथी, शेपू ही आपल्याकडे हौसेची रोपं नाहीत. नाशिक, पुणे, सातारा या पट्ट्यांत दहा-वीस गुंठ्यांवर कोथिंबीर करून महिन्या-दीड महिन्यात हातात पैसा आणणारी कितीतरी घरं आहेत. गच्चीवरची कुंडी आणि ते वीस गुंठे, दोन्हींकडचं बी पुष्कळदा एकाच कपाटातून येतं.

कोथिंबिरीत वाणाने काय बिघडतं, ते पाहू. धण्याचं रोप उष्णता वाढली आणि दिवस मोठा झाला की फुलोऱ्याकडे धावतं. देठ उंच होतो, पानं बारीक आणि चिरलेली होतात, जुडी बांधण्याजोगी राहत नाही. आपल्याकडे कोथिंबिरीला भाव येतो तो नेमका उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे रोपाला फुलावर यायची घाई असते तेव्हाच. त्या दिवसांत उशिरा फुलणारा वाण आणि लवकर फुलणारा वाण यांतला फरक म्हणजे विकलेला माल आणि बांधावर फेकलेला माल यांतला फरक. किराणा दुकानातले धणे रगडून, दोन फाकळ्या करून पेरायची रीत जुनी आहे आणि हिवाळ्यात तिने काम भागतंही. पण ते धणे मुख्यतः राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरातेत दाण्यासाठी घेतलेल्या पिकाचे असतात. त्या वाणांची निवड पानासाठी झालेली नसते, दाण्यासाठी झालेली असते. 'सुधारित कोथिंबीर' असं छापलेल्या पुडीत हेच दाण्याचे धणे नाहीत, याची खात्री ग्राहकाने कशावरून करायची? पुडीवर वाणाचं नाव असतं तर ते विचारता आलं असतं, कुठेतरी पडताळता आलं असतं.

नावं नाहीत अशी स्थिती मुळीच नाही. सार्वजनिक संस्थांनी धण्याचे कितीतरी वाण काढले आहेत आणि त्यांची नावं वाचता येणाऱ्याला बरंच काही सांगतात. 'को' म्हटलं की कोइमतूरचं तमिळनाडू कृषी विद्यापीठ, 'लाम' म्हटलं की गुंटूरजवळचं लाम संशोधन केंद्र, 'पंत' म्हटलं की पंतनगर, 'पुसा' म्हणजे दिल्लीची भारतीय कृषी संशोधन संस्था, 'अर्का' म्हणजे बंगळूरूजवळ हेसरघट्ट्याची भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्था. तिथला 'अर्का ईशा' हा वाण तर खास पानासाठी, पुन्हा पुन्हा कापता येईल असा आणि उशिरा फुलणारा म्हणून काढलेला आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण कस्तुरी' आहे. शिवाय शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेले वाई धना, जळगाव धना यांसारखे स्थानिक प्रकार आहेत. यांतल्या प्रत्येक नावाला पत्ता आहे. शंका आली तर कोणाला विचारायचं हे त्या नावातच लिहिलेलं आहे. 'स्पेशल मल्टिकट'ला असा पत्ता नाही. 'मल्टिकट', म्हणजे पुन्हा पुन्हा कापता येणं, हा गुण आहे आणि तो वेगवेगळ्या वाणांत कमीअधिक असतो. तो सांगायला हरकत नाही, पण वाणाच्या नावाच्या जागी नको.

धण्याच्याच व्यापारात नेमकेपणा किती सहज जमतो हेही पाहण्यासारखं आहे. राजस्थानात कोटा जिल्ह्यातल्या रामगंज मंडीत खाण्याच्या धण्याची प्रतवारी 'बदामी', 'ईगल', 'स्कूटर', 'सिंगल पॅरट', 'डबल पॅरट' अशा नावांनी होते. ही नावं रंगावर आणि दिसण्यावर ठरलेली आहेत. ती वाणाची नावं नाहीत आणि तसा दावाही कोणी करत नाही. 'डबल पॅरट' सांगून 'बदामी' माल पाठवला तर मुंबईचा व्यापारी तो परत करतो. खाण्याच्या धण्यात घेणारा जाणकार आहे आणि एका वेळी शेकडो पोती घेतो, म्हणून तिथे नाव पाळलं जातं. पेरायच्या धण्यात घेणारा विखुरलेला आहे, पुडी वीस-तीस रुपयांची आहे, तक्रार करायला कोणी जात नाही. नाव सैल झालं ते एवढ्यामुळेच. पीक तेच, व्यापारीही पुष्कळदा तेच.

मेथीत गोंधळ वेगळ्या तऱ्हेचा आहे. तिथे एका नावाखाली दोन वनस्पती विकल्या जातात. आपली रोजची मेथी पांढुरक्या फुलांची. पंचवीस-तीस दिवसांत उपटून जुडी बांधता येते. कसुरी मेथी हा नुसता वेगळा वाण नव्हे, ती निराळी जाती, म्हणजे वेगळी वनस्पतीच आहे. तिची फुलं पिवळीधमक, बी खूप बारीक, वाढ संथ. सुरुवातीला ती जमिनीलगत पसरून बसते आणि थंडीत हळूहळू वाढत कापणीमागून कापणी देते. 'पुसा कसुरी' हा तिचा प्रसिद्ध वाण. आपल्याकडे बोलण्यात तिला सर्रास 'कस्तुरी मेथी' म्हणतात, आणि मग पुड्यांवरही कधी 'कसुरी', कधी 'कस्तुरी', कधी 'कसुरी टाइप' असं छापलं जातं. त्यातल्या 'टाइप' या शब्दाबद्दल मला विशेष चीड आहे. पुडी उघडून बी बारीक नसेल, रोप आठवड्याभरात सरळ उंच झालं आणि फूल पांढरं आलं, तर ती साधी मेथीच आहे. 'टाइप' लिहिणाऱ्याला ते आधीपासून माहीत असतं. ज्याने कसुरी समजून पाच-सहा कापण्यांचा हिशेब केला आणि त्याप्रमाणे वाफा अडकवून ठेवला, त्याचा हंगाम गेला. पुडीवर शास्त्रीय नाव देवनागरीत छापलं, 'ट्रायगोनेला कॉर्निक्युलाटा' किंवा 'ट्रायगोनेला फीनम-ग्रीकम', तर या दोहोंत पळवाट उरत नाही. शास्त्रीय नाव सामान्य माणसाला समजत नाही असं म्हणतात. त्याला ते पाठ असायची गरजच नाही. दोन पुड्यांवर वेगळं नाव आहे एवढं दिसलं तरी पुरे.

'हायब्रीड' हा शब्द तर मेथी-कोथिंबिरीच्या पुड्यांवर फार उदारपणे वापरला जातो. मेथी बहुतांशी स्वपरागीभवनाने फळणारं पीक आहे. ठरावीक दोन वाणांचा संकर करून दरवर्षी बाजारात पुरेल एवढं पहिल्या पिढीचं बी काढणं त्यात अतिशय अवघड. धण्याच्या छत्रातली फुलंही इतकी बारीक असतात की तिथेही हे काम सोपं नाही. टोमॅटो, मिरची, काकडीत संकरित बियाणं खरंच असतं आणि त्यासाठी मजूर लावून, फूल फूल हाताळून काम करावं लागतं. त्या बियाण्याची जादा किंमत त्या कष्टांची असते. तोच शब्द मेथीच्या पुडीवर आला की जादा किंमत कशाची, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आणखी एक नुकसान होतं, आणि माझ्या मते ते जास्त मोठं आहे. संकरित बियाण्यापासून धरलेलं बी पुढच्या वर्षी मूळ गुण देत नाही हे आता गावोगाव ठाऊक आहे. 'हायब्रीड' वाचलं की माणूस बी धरण्याचा विचारच सोडून देतो. साध्या, सरळ वाणाच्या पुडीवर हा शब्द छापणं म्हणजे ज्याला चार रोपं फुलू देऊन स्वतःचं बी राखता आलं असतं, त्याला दरवर्षी दुकानात परत बोलावणं.

काही नावांचा गोंधळ असा आहे की त्या नावाचं बी असूच शकत नाही. पेपरमिंट हा पाणपुदिना आणि साधा स्पिअरमिंट यांचा संकर. तो जवळजवळ वांझ असतो, म्हणून त्याची लागवड जगभर धावत्या खोडांपासून होते. 'पेपरमिंट' लिहिलेल्या पुडीतून उगवतं ते पुदिन्याचं कुठलं तरी भावंड असतं. आपल्याकडे पुदिना लावायला पुडी लागतच नाही. बाजारातल्या जुडीतल्या दोन काड्या पाण्यात ठेवल्या की मुळं फुटतात, आणि जी चव आवडली तीच कुंडीत मिळते. गवती चहाचंही तसंच. आपल्या परसात असतो तो सिम्बोपोगॉन सायट्रेटस क्वचितच फुलतो, त्याचे फुटवे वेगळे करून लावतात. 'लेमनग्रास'चं म्हणून जे बी मिळतं ते सहसा त्याच्या भावंडाचं, सिम्बोपोगॉन फ्लेक्झुओससचं असतं. तेलासाठी ते उत्तम आहे, केरळात त्यावर उद्योग उभा राहिला. पण चहात घालायला लावलं तर अपेक्षा आणि चव यांचा मेळ बसत नाही. ओरेगानोच्या पुडीवर नुसतं 'ओरेगानो' असतं. त्याच्या ग्रीक उपजातीत जो तिखट वास असतो तो सामान्य उपजातीत जेमतेम असतो, आणि पुडी यावर काही बोलत नाही. ओव्याबाबत तर ग्राहकाच्या मनात एक वनस्पती आणि पुडीत दुसरी असं नेहमी होतं. भज्यांसाठी लावतात तो जाड, लोकरी पानांचा पानओवा फांदीपासून येतो. ओव्याचं बी पेरलं तर बडीशेपेसारख्या झिरमिळ्या पानांचं, फोडणीतल्या ओव्याचं रोप येतं.

तुळशीबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण इथे नावाला घरातलं स्थान आहे. वृंदावनातली तुळस म्हणजे ओसिमम टेन्युइफ्लोरम. तिच्यात हिरवी आणि जांभळट-काळी अशी रूपं दिसतात. हिरवीला पुष्कळ ठिकाणी राम तुळस म्हणतात, पण वनस्पतिशास्त्राच्या आणि औषधी वनस्पतींच्या पुस्तकांत 'राम तुळस' हे नाव बऱ्याचदा ओसिमम ग्रॅटिसिमम या उंच, मोठ्या पानांच्या झुडपाला दिलेलं आढळतं. सब्जा म्हणजे ओसिमम बॅसिलिकम, आणि इटालियन स्वयंपाकातला 'स्वीट बेसिल'ही त्याच जातीचा. म्हणून 'बेसिल' एवढंच लिहिलेल्या पुडीतून सब्जाही येऊ शकतो आणि 'जेनोव्हेजे' हा इटालियन बेसिलही. पहिल्याला बडीशेपेकडे झुकणारा वास असू शकतो, दुसऱ्याला तो तसा नसतो. पेस्तो ही बेसिलची इटालियन चटणी करायला निघालेल्याला हा फरक पानाचा पहिला तुकडा चावताच कळतो. लखनौच्या केंद्रीय औषधी आणि सुगंधी वनस्पती संस्थेने तुळशीचा 'सिम-आयु' आणि बॅसिलिकमचा 'सिम-सौम्या' असे नामांकित वाण काढलेले आहेत. शेतकरी तेलासाठी ते लावतात आणि तिथे जातीचं नाव कोणी सोडत नाही, कारण तेलातला घटक बदलला की खरेदीदार भाव पाडतो.

अमेरिकेतल्या मराठी घरांना हा गोंधळ जास्त जाणवतो. तिथे रोपवाटिकेत तुळस सहज मिळेल असं नाही, म्हणून बी मागवतात. 'होली बेसिल' किंवा 'कपूर तुलसी' या नावाने तिथे जे बी विकलं जातं त्यातलं बरंचसं ओसिमम आफ्रिकानम या वेगळ्याच जातीचं असतं. ती थंड हवामानात लवकर उगवते, भरभर वाढते, म्हणून तिथल्या बागांत ती रुजली. भारतात कापूर तुळस म्हणतात ती तर तिसरीच, ओसिमम किलिमँडशारिकम. म्हणजे एकाच नावाने भारतात एक वनस्पती, अमेरिकेत दुसरी, आणि देवघरासमोर हवी होती ती दोन्हींपेक्षा वेगळी. तुळशीचं लग्न लावणाऱ्या घराला हा तपशील क्षुल्लक वाटणार नाही. 'होली बेसिल'खाली जातीचं शास्त्रीय नाव छापायला अर्धी ओळ लागते.

यावर कायदा काय म्हणतो? 1966 च्या बियाणे कायद्याचं सातवं कलम सांगतं की अधिसूचित प्रकाराचं किंवा वाणाचं बी विकताना ते कोणत्या प्रकाराचं, कोणत्या वाणाचं हे ओळखता आलं पाहिजे, ते किमान उगवण आणि शुद्धतेच्या मर्यादेत हवं आणि वेष्टनावर खरी माहिती हवी. कळीचा शब्द 'अधिसूचित', म्हणजे सरकारने राजपत्रात जाहीर केलेलं, हा आहे. कंपनीने स्वतःच्या नावाने काढलेलं, अधिसूचित नसलेलं बी या कलमाबाहेर राहतं आणि लेबलावर विक्रेता म्हणेल ते सत्य धरलं जातं. 2001 च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने मात्र नावाचा फार चांगला विचार केला आहे. वाणाला एकच, वेगळं ओळखू येईल असं नाव असावं, गुणांबद्दल किंवा ओळखीबद्दल दिशाभूल करणारं नाव नोंदवलं जाऊ नये, निव्वळ आकडे नाव म्हणून चालू नयेत, गावाचं किंवा प्रदेशाचं नाव वापरायचं तर तो वापर प्रामाणिक असावा, हे सगळं त्यात आहे. पण ते नोंदणीला आलेल्या वाणांसाठी. नोंदणी न करता पुडी भरणाऱ्याला यातलं काहीच लागू नाही. जो नियम पाळायला पुढे येतो त्याच्यावर नावाची शिस्त आणि जो येत नाही तो मोकळा, असा हा उलटा न्याय आहे.

यंत्रणेचं लक्षही नावाकडे नाही, उगवणीकडे आहे. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या, पंचनामे झाले, आणि ते योग्यच होतं. उगवण झाली नाही तर आठ-दहा दिवसांत दिसतं, शेत मोकळं पडलेलं असतं, अधिकाऱ्याला दाखवता येतं. वाण चुकीचा निघाला तर ते कळायला चाळीस दिवस जातात. तोवर रोप उभं असतं, हिरवं असतं, आणि पंचनाम्यात लिहायला काही नसतं. निरीक्षकाने नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवला तरी तिथे उगवण, भौतिक शुद्धता, ओलावा पाहतात. वाण तोच आहे का, हे पाहायचं तर बी पेरून, रोप वाढवून तुलना करावी लागते. आणि पुडीवर वाणाचं नावच नसेल तर तुलना कशाशी करणार? नाव नसणं हे विक्रेत्यासाठी सर्वांत सुरक्षित आहे, कारण जे सांगितलंच नाही ते खोटं ठरवता येत नाही.

आक्षेप दोन आहेत, आणि दुसरा गंभीर आहे. पहिला असा की एवढ्याशा पुडीसाठी एवढा खटाटोप परवडणार नाही. छापील पुडीवर आणखी एक ओळ छापायला खर्च येत नाही. खर्च येतो तो आतलं बी कुठून आलं याची नोंद ठेवायला, आणि ती नोंद ठेवत नसाल तर बियाणं विकण्याचा परवाना कशासाठी, हे मी विचारीन. केंद्र सरकारने 2023 मध्ये 'साथी' ही बियाण्याचा माग ठेवणारी, क्यूआर कोडवर चालणारी व्यवस्था सुरू केली. भाताच्या आणि गव्हाच्या पिशवीला जे जमतं ते धण्याच्या पुडीला न जमण्याचं तांत्रिक कारण नाही.

दुसरा आक्षेप बीज राखणाऱ्यांचा आहे. नावाची सक्ती झाली की ज्यांच्याकडे नाव, नोंदणी, वकील आहेत त्या कंपन्या तगतील आणि गावठी बी राखणारे बाहेर फेकले जातील, ही भीती खरी आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची जी बीजबँक उभी केली तिला कागदाच्या अटी लावल्या असत्या तर ती उभीच राहिली नसती. म्हणून सक्ती बीजाच्या देवघेवीवर नको, छापील पुडीवर हवी. कायद्याने ही रेघ आधीच ओढलेली आहे. 1966 चा कायदा स्वतः पिकवलेलं बी स्वतःच्या जागेवरून थेट पेरणाऱ्याला देणाऱ्या शेतकऱ्याला सूट देतो. 2001 चा कायदा शेतकऱ्याला बी राखायचा, बदलायचा, वाटायचा आणि विकायचाही हक्क देतो, फक्त संरक्षित वाणाचं लेबल लावून वेष्टनात विकायला मनाई करतो. ओळखीच्या हाताकडून घेतलेल्या बियाण्याला तो हातच जामीन असतो. अनोळखी माणसाला पाकिटात बंद करून विकताना जामीन फक्त छापलेलं नाव. शिवाय 'वाई धना' हे नाव नोंदवहीत नसलं तरी खरं असू शकतं. कोणत्या शिवारातून, कोणत्या हंगामात धरलेलं बी, एवढं लिहिलं की माझी अट पुरी होते. गावठी वाणाचं नुकसान आज नावाच्या सक्तीने होत नाही. कुठल्याही बियाण्यावर 'देशी' छापून विकलं जातं, त्यामुळे ते होतं.

तर पुडीवर काय हवं? जातीचं शास्त्रीय नाव देवनागरीत. वाणाचं नाव आणि तो कोणी काढला किंवा कुठून धरला. सरळ वाण आहे की पहिल्या पिढीचा संकर, हे स्पष्ट शब्दांत. कंपनीचं व्यापारी नाव हवं तर वेगळ्या ओळीत, कितीही मोठं. बी धरल्याचा हंगाम, निव्वळ पुडी भरल्याची तारीख नव्हे. पान, दाणा की तेल, कशासाठी तो वाण आहे, हेही. नवा बियाणे कायदा करण्याचे प्रयत्न 2004 पासून होत आले आहेत, आणि प्रत्येक मसुद्यावर चर्चा कापूस, सोयाबीन, संकरित भाजीपाला यांचीच होते. भाजीच्या आणि वासाच्या या लहान बियांना त्या चर्चेत दोन ओळींची जागा मिळायला हवी.

कायद्याची वाट न पाहता एक काम उद्या सुरू करता येईल. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांकडे प्रक्षेत्रं आहेत, विद्यार्थी आहेत, ओळख पटवायला लागणारं मूळ बी मिळवण्याची सोय आहे. प्रत्येक हंगामात बाजारातून कोथिंबीर, मेथी, शेपूच्या पुड्या विकत घ्याव्यात, नामांकित वाणांच्या शेजारी पेराव्यात, फुलोऱ्याचा दिवस, पानाचा आकार, उंची नोंदवावी आणि पुडीच्या फोटोसकट निकाल मराठीत प्रसिद्ध करावा. मेथी महिन्याभरात कळते, कोथिंबीर दोन महिन्यांत फुलून स्वतःचं उत्तर देते. दिवाळीनंतर पेरलं तर उन्हाळी पेरणीचं बी घ्यायला लोक दुकानात जातील त्याआधी यादी हातात असेल.